वारीचे खजूर-तिळाचे लाडू: यादी, आणि पाण्यावरचा माझा राग

गेल्या वर्षी वाल्ह्याच्या मुक्कामी मी लाडवांचा दुसरा डबा उघडला. मोबाईलच्या उजेडात लाडवांवर काहीतरी पांढरं दिसलं. पिठीसाखर असेल असं वाटलं. मग आठवलं की पिठीसाखर मी घातलीच नव्हती. एक लाडू फोडला, तर आत प्रत्येक बेदाण्याभोवती बुरशीचं बारीक कडं. सतरा लाडू शेताच्या बांधाकडेला खड्डा करून पुरले आणि पुढचे दोन दिवस मिळेल ती बिस्किटं खाल्ली. तेव्हा ही यादी ज्यांना ज्येष्ठ-आषाढाच्या दमट हवेत आठ-दहा दिवस टिकणारे, पाक न करता, भट्टी न लावता होणारे लाडू करायचे आहेत त्यांच्यासाठी आहे. फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवणार असाल तर एवढं मनाला लावून घेऊ नका.

आधी सामान. पॉलिशचे पांढरे तीळ पाव किलो, खजूर बिया काढून ४०० ग्रॅम, सुके अंजीर १०० ग्रॅम, बेदाणे ५० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया ५० ग्रॅम, सुंठ, वेलची, चिमूटभर मीठ, हाताला तूप. एवढ्यात २५ ग्रॅमचे ३४ लाडू होतात. मी आळंदीहून निघताना एवढेच नेते. पुढचा घाणा भाऊ फलटणला भेटायला येतो तेव्हा आणतो. अठरा-वीस दिवसांचे लाडू एकदम करून नेण्याचा हिशेब कुणी करू नये.

तीळ संक्रांतीचे उरलेले वापरू नका. तिळात वजनाच्या निम्मं तेल असतं आणि ते उन्हाळाभर डब्यात खवट होत जातं. चिमूटभर चावून बघा, घशात टोचलं तर ते पणतीच्या वातीला लावायच्याही लायकीचे नाहीत. नवे आणा. बिनपॉलिशचे घेतले तरी चालतं, फक्त तीळ वाटून जे लोणी करायचं ते जरा कडवट होतं. चाळून, निवडून घ्या. धुवायचे नाहीत. धुवायचेच असतील तर आठवडाभर आधी धुवा, म्हणजे वाळायला वेळ मिळेल.

खजुराकडे नीट बघा. काळाभोर, मऊ, दुकानात फ्रिजमध्ये ठेवतात तो खजूर खायला सुंदर, पण त्याच्यात मुळातच ओल जास्त. आपल्याला साधा, तपकिरी, बोटांना चिकटणारा पण बोटं ओली न करणारा हवा. खारीक नको, ती दळावी लागते. ‘बिया काढलेला’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी प्रत्येक खजूर उघडून बघा. एक बी राहिली की मिक्सरचं पातं जातं नाही तर कुणाचा तरी दात. आत काळी पूड दिसली तर तो खजूर फेका.

अंजिरांचं एक गमतीचं. आपण चालतो तो सासवडचा भाग अंजिरांसाठी प्रसिद्ध, पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण ते ताजं खायचं फळ. बाजारात दोरीत ओवलेले सुके अंजीर येतात ते बहुतेक अफगाणिस्तानचे. तेच घ्या, देठ काढा, चिरा.

आता बेदाणे. इथेच माझी माती झाली. सांगली-तासगावकडे द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून मग शेडमध्ये टाकतात. सालीवरचा मेणासारखा थर त्याने फुटतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. हे वाचलेलं असल्यामुळे मी बेदाणे धुतले. धुण्यात चूक काहीच नाही. पण धुऊन फडक्यावर पाच मिनिटं टाकले, वरून टिपले आणि झालं म्हणाले. बेदाण्याला सुरकुत्या असतात बाई! प्रत्येक सुरकुतीत पाणी बसलेलं असतं. धुवायचे असतील तर आदल्या दिवशी सकाळी धुवा, सुती पंचावर एकेक सुटा पसरा, रात्रभर पंखा लावा, दुसऱ्या दिवशी कोरड्या कढईत मंद आचेवर दोन-तीन मिनिटं फिरवा आणि पूर्ण गार करा. पावसाळ्यात ऊन मिळेल या भरवशावर राहू नका. एवढा वेळ नसेल तर धुऊ नका, सरळ बेदाणे वगळा. अंजीर आहेत की.

दुसरं पाणी मी स्वतः ओतलं होतं. खजूर रात्रभर कोमट पाण्यात भिजवला, कारण कुठेतरी तसं सांगितलेलं बघितलं होतं. भिजवलेला खजूर लोण्यासारखा वाटला जातो हे खरं, आणि त्याच दिवशी खाणार असाल तर खुशाल भिजवा. पण सुक्या फळातली साखर उरलंसुरलं पाणी धरून ठेवते, बुरशीला ते मिळत नाही, म्हणून ते फळ टिकतं. आपण त्यात पुन्हा पाणी घातलं की टिकण्याचं कारणच गेलं. खजूर कडक वाटला तर चमचाभर तुपावर कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता. मऊ होतो. वाफवायचाही नाही. वाफ म्हणजे पाणीच.

तिसरं पाणी मिक्सरच्या भांड्यात. सकाळी चटणी वाटली, भांडं घासलं, पालथं ठेवलं, आणि दुपारी त्यातच तीळ घातले. वरून कोरडं दिसतं, पण पात्याच्या बुडाशी आणि झाकणाच्या रबरात थेंब दडलेले असतात. भांडं आदल्या रात्री घासून रबर काढून वेगळं वाळवा. घालण्याआधी पात्याखाली कापडाचं टोक घालून फिरवा आणि ते टोक बघा.

आता तिळाचं लोणी. तीळ जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, तडतडायला लागून किंचित रंग बदलेपर्यंत भाजा. लाल करू नका, कडू होतात. भोपळ्याच्या बिया वेगळ्या भाजा, त्या फुगतात. दोन्ही ताटात पसरून गार करा. मग तीळ चटणीच्या भांड्यात थोडे थोडे. आधी कूट होतं, मग ते कडांना चिकटतं, मग गोळा फिरत राहतो आणि वाटतं की बिघडलं. बिघडलेलं नसतं. चमच्याने खाली ओढा, परत फिरवा. आठ-दहा मिनिटांत (मधे थांबत थांबत!) ते एकदम सैल पडतं, चमकतं, चमच्यावरून धार लागते. वरून तेल घालायची गरज नाही. मिक्सर तापला तर थांबा. अचानक बंद पडला तर दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी मिक्सरच्या पोटाखालचं लाल बटण दाबून बघा.

आणि इथे एक खूण लक्षात ठेवा, मी ती उलटी वाचली होती. धार लागणाऱ्या तिळाच्या लोण्यात जरासं पाणी गेलं की ते पातळ होत नाही, उलट घट्ट, खरखरीत, गच्च होतं. तेलात सुटे तरंगणारे तिळाचे कण पाणी मिळताच एकमेकांना धरतात. माझं लोणी भिजलेला खजूर घालताच असं आवळलं, आणि मी खूश, वा, काय छान वळतायत! तो गच्चपणा म्हणजे पाणी आत गेल्याची सूचना होती. तुमचं लोणी एकाएकी आवळलं तर लाडू करा, पण घरी खा. वारीला नेऊ नका.

एकादशीचा घाणा वेगळा. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते तो बहुतेक एकादशीचाच दिवस. त्या दिवशी चाल जवळपास ३० किलोमीटर, वर दिवे घाट, आणि पोटात वाटेवर प्रेमाने वाढलेली साबुदाण्याची खिचडी. घाट चढताना ती खिचडी काय म्हणते ते चढणाऱ्यालाच माहीत. त्या दिवसासाठी दहा-बारा लाडू तिळाऐवजी शेंगदाण्याच्या लोण्याचे करा, वर मूठभर राजगिऱ्याच्या लाह्या. तीळ उपासाला चालतात की नाही यावर आमच्या दिंडीतच दोन पक्ष आहेत आणि घाटात तो वाद मला नको. ओट्स किंवा जवस यात घालू नका. डबी वेगळी, तिच्यावर ‘उपास’ लिहिलेलं. लाह्याही सादळलेल्या नकोत. हाताने चुरून बघा, कुरकुरल्या पाहिजेत. सादळलेल्या लाहीतही पाणीच आहे, हे मी आता झोपेतही बरळते.

‘पौष्टिक’ म्हणून किती खायचे याचंही भान ठेवा. एका लाडवात साधारण ९५ उष्मांक. खजुरात वजनाच्या ६० टक्क्यांहून जास्त साखर असते, ती फळातली आहे म्हणून मधुमेहाच्या माणसाला माफ होत नाही. चालताना आपण सगळ्यांना ‘घ्या माउली’ म्हणत पुढे करतो, तेव्हा समोरच्याला ‘तीळ आहेत, खजूर आहे’ एवढं तोंडाने सांगा. तिळाने अंगावर पित्त उठणारी माणसं असतात. आमच्या दिंडीत एक काका आहेत, ते विचारल्याशिवाय काही खात नाहीत आणि आधी मला त्यांचा राग यायचा.

वळणं. खजूर-अंजीर जाडसर वाटून लोण्यात घाला, बिया, बेदाणे, सुंठ, वेलची, मीठ. मळा. वळताना हाताला तूप लावा. पाण्याचा हात नाही! बुंदीचे, रव्याचे, कसलेही लाडू वळताना शेजारी पाण्याची वाटी ठेवायची आपल्या हातांना सवय असते, माझ्या सासूबाईंनी तर न विचारता आणून ठेवली होती. ती वाटी स्वयंपाकघरातून बाहेर न्या. मिश्रण भुगभुगीत वाटलं तर अजून दोन खजूर घाला, सैल वाटलं तर भाजून गार केलेल्या तिळाचं कूट.

वळलेले लाडू ताटात, वर जाळी, पंख्याखाली तीन-चार तास. गरम डब्यात भरून झाकण लावलं की झाकणाला आतून घाम येतो आणि तो थेंब थेंब लाडवांवर पडतो. तेही पाणी. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी थेट पिशवीत टाकण्याची हुशारीही नको. गार लाडू दमट हवेत आला की ओला होतो, पाण्याच्या थंड बाटलीसारखा.

डबे छोटे घ्या, स्टीलचे, घट्ट झाकणाचे, प्रत्येकात सहा-सात लाडू. एक उघडला तर बाकीचे बंद राहतात. मोठा डबा दहा वेळा उघडला जातो, दहा ओले हात आत जातात. डबे ट्रकमध्ये ताडपत्रीखाली ओल्या कपड्यांच्या बोचक्यात टाकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गादीच्या वळकटीत ठेवा. रोजची डबी शबनममध्ये. पाण्याच्या बाटलीपासून लांब.

वास बघत जा. पहिल्या डब्याला सासवडलाच किंचित आंबूस वास होता, मी ‘सुंठीचा असेल’ म्हणाले. बुरशी दिसली तर वरवर पुसून खायची नाही. दिंडीतल्या एका माउलींनी तसं सुचवलं होतं, मायेनेच. पण धागे आत गेलेले असतात आणि काही बुरशींचं विष डोळ्यांना दिसत नाही, भाजल्यानेही जात नाही. सगळा डबा फेका.

बाकी नाव, तारीख, चिकटपट्टी, ते तुम्ही कराल. एकच राहिलं. परत आल्यावर श्रावणात मी हाच घाणा कोरडा करून ओट्यावर ठेवला, पंधरा दिवस काही झालं नाही. पण स्वयंपाकघर म्हणजे तंबू नव्हे. म्हणून यंदा चार लाडू एका डबीत घालून घरी ठेवतेय, मोरीच्या बाजूच्या ओलसर कोनाड्यात. ह्यांना सांगितलंय, सहाव्या दिवशी एक फोडून बघायचा, खायचा नाही, आणि फोन करायचा.