वयस्कर माणसाला रक्त चढवायचं असेल तर

हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेलं की तीव्र अ‍ॅनिमिया म्हणतात. पण ७.६ दिसलं म्हणून लगेच पिशवी लावतात असं नाही. पेशंट स्थिर असेल तर साधारण ७ ची मर्यादा धरतात, हृदयविकार असेल तर ८ ची. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं किंवा चालू रक्तस्राव असेल तर मात्र डॉक्टर आकड्यासाठी थांबत नाहीत.

तपासणीचं रक्त पिशवी लागण्याआधीच काढून घ्यायला सांगा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), स्मिअर (काचेवर पसरून पेशी पाहणं), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट. नंतर काढलं तर त्यात दात्याचं रक्त मिसळलेलं असतं आणि मूळ कारण सापडणं अवघड होतं. कमतरता बी-१२ ची निघाली आणि पेशंट स्थिर असेल तर इंजेक्शनवरही भागू शकतं. सांधेदुखीच्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, काळी शौच (पोटात रक्तस्राव असल्याची खूण असू शकते) यांबद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांनीही शौच काळी होते.

लहान हॉस्पिटलात रक्तपेढीतून पिशवी आणायचं काम बहुधा नातेवाइकांवर येतं. पेशंटच्या हातात सुई लावून झाल्यावरच निघा. पिशवी थंड डब्यातून आणा, पण बर्फाला थेट टेकू देऊ नका. गोठलं तर पेशी फुटतात. गार लागेल म्हणून गरम पाण्यात धरणंही तितकंच घातक. पिशवी आल्यावर अर्ध्या तासात सुरू आणि चार तासांत पूर्ण व्हायला हवी. लावण्याआधी दोघांनी मिळून पेशंटचं नाव, रक्तगट, पिशवीचा नंबर आणि मुदत क्रॉसमॅचच्या (दात्याचं रक्त पेशंटला जुळतं का, त्या चाचणीच्या) कागदाशी ताडून पाहावी. त्याच नळीतून ग्लुकोज किंवा औषध देत नाहीत, फक्त नॉर्मल सलाईन चालतं.

म्हातारपणी खरी भीती वेगाची असते. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर एकदम वाढलेलं द्रव फुफ्फुसात साचतं. पहिली पंधरा मिनिटं अगदी सावकाश जाऊ द्यावं लागतं, कारण गंभीर रिअ‍ॅक्शन बहुधा तेव्हाच दिसते. पुढे ३०० मिलीची पिशवी चार तासांत जायची तर, २० थेंबांना एक मिली असा नळीचा सेट असल्यास, मिनिटाला साधारण २५ थेंब पडतात. एका मिलीला किती थेंब, हा आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो. थेंब मोजा, जास्त वाटले तर सिस्टरना बोलवा. नळीवरच्या, वेग कमी-जास्त करायच्या चकतीला स्वतः हात लावू नका. ‘लवकर संपवा, घरी जायचंय’ हा आग्रह तर मुळीच नको.

थंडी वाजून ताप, अंगावर गांधी, कंबरदुखी, लाल लघवी, नवा खोकला किंवा धाप, यातलं काहीही दिसलं तर रक्त तिथेच थांबवायला सांगा. पिशवी फेकू देऊ नका, ती तपासणीसाठी रक्तपेढीत परत जाते.

एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढतं. रक्तस्राव नसेल तर दुसरी लावण्याआधी पुन्हा तपासायला सांगा. घरी सोडल्यावर त्या रात्री आडवं झोपवत नसेल, बसूनच श्वास घ्यावा लागत असेल, तर सकाळपर्यंत थांबू नका.