हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग : ओळखावा कसा, उपचार कोणते

ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे, ज्यांच्या झडपा आधीपासून खराब आहेत किंवा ज्यांना हा संसर्ग पूर्वी होऊन गेला आहे, त्यांनी कारण न सापडलेला ताप अंगावर काढू नये आणि स्वतःच्या मनाने अँटिबायोटिकही घेऊ नये. दुसरी चूक अधिक घातक ठरते, कारण दोन-चार गोळ्यांनी ताप तात्पुरता उतरतो, पण रक्तातले जंतू कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) वाढेनासे होतात आणि झडपेवर नेमका कोणता जंतू बसला आहे हे कळतच नाही.

ताप, रात्रीचा घाम, थकवा, घटत चाललेले वजन ही लक्षणे कित्येकदा आठवडेच्या आठवडे रेंगाळतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा आक्रमक जंतू असेल तर मात्र काही दिवसांतच प्रकृती ढासळते. नखाखाली कुसळ रुतल्यासारखी बारीक तांबूस रेघ, बोटांच्या टोकांवर दुखऱ्या गाठी, तळहातावर न दुखणारे लाल डाग दिसू शकतात. ते दिसले नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये. अचानक दम लागला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी वेगवेगळ्या ठिकाणांहून किमान 3 वेळा रक्त घेऊन कल्चरला पाठवतात. रुग्ण अत्यवस्थ असेल तर नमुने झटपट घेऊन उपचार लगेच सुरू करतात. छातीवरून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) काही दिसले नाही आणि संशय कायम असला, तर अन्ननलिकेतून इको करावा लागतो.

झडपेवर साचलेल्या फायब्रिन व प्लेटलेट या रक्त गोठवणाऱ्या घटकांच्या थरात जंतू दडून बसतात, तिथे पांढऱ्या पेशी नीट पोहोचत नाहीत. म्हणूनच जंतूनुसार निवडलेले औषध साधारण 4 ते 6 आठवडे, आणि कृत्रिम झडप असल्यास किमान 6 आठवडे, मुख्यतः शिरेतून द्यावे लागते. ताप पहिल्या आठवड्यातच उतरला, तरी औषध थांबवू नये. झडप फाटून हृदय थकू लागले, झडपेजवळ गळू झाले किंवा औषधांना दाद मिळाली नाही, तर शस्त्रक्रिया टाळत बसणे धोक्याचे असते.

उपचार संपल्यानंतरही संसर्ग उलटू शकतो. पुन्हा ताप आल्यास गोळी घेण्याआधी कल्चरसाठी रक्त द्यावे, आणि दाताच्या डॉक्टरांना हा आजार आधीच सांगावा, म्हणजे हिरडीवरील उपचारापूर्वी प्रतिबंधक अँटिबायोटिकचा डोस देता येतो.