नाकाचं ऑपरेशन करायचंय? आधी श्वास तपासून घ्या

दहावीत असताना सायकलवरून पडून माझं नाक वाकडं झालं, मधोमध उंचवटाही आला, आणि ते नीट करून घ्यायला मला बारा वर्षं लागली. ऑपरेशन होऊन आता दोन वर्षं झालीत. ओळखीतल्या मुली विचारतात किती खर्च आला, दुखलं का, कळून येतं का. पण आधी विचारायला हवं ते वेगळंच आहे, ते मला उशिरा कळलं म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट श्वास. मी सगळ्यात आधी जिथे गेले तिथे पाच मिनिटांत कोटेशन हातात दिलं, या महिन्यात बुक केलंत तर डिस्काउंट म्हणाले, नाकात टॉर्च मारून कुणी बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी आधी विचारलं की रात्री तोंड उघडं ठेवून झोपता का, एकच बाजू कायम चोंदलेली असते का, मग दुर्बीण घालून तपासलं आणि कळलं की आतला पडदाच वाकडा आहे. मी इतकी वर्षं त्याला सर्दी समजत होते. आपल्याकडे "नाकाचं हाड वाढलंय" म्हणतात ते बऱ्याचदा हेच असतं, दोन नाकपुड्यांमधला कूर्चेचा (म्हणजे मऊ, लवचिक हाडाचा) आणि हाडाचा पडदा एका बाजूला झुकलेला. आता हे न बघता नुसता उंचवटा तासून नाक बारीक केलं असतं तर श्वास अजून कोंडला असता, कारण वरून नाक अरुंद केलं की आतली हवेची वाटही अरुंद होते, तिला कूर्चेच्या पट्टीचा आधार देऊन उघडी ठेवावी लागते. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, या ऑपरेशननंतर माझा श्वास कसा असेल आणि त्यासाठी तुम्ही आत काय करणार आहात. घरी सर्दी नसताना एकेक नाकपुडी बंद करून श्वास घेऊन बघा, गाल बोटाने बाहेर ओढल्यावर एकदम मोकळं वाटतं का तेही बघा आणि जे जाणवेल ते सांगा.

दुसरं, सेल्फी बघून निर्णय घेऊ नका. एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसू शकतं, हे गणिती हिशेबाने दाखवून झालंय, तो कॅमेऱ्याच्या अंतराचा परिणाम आहे. कुणाला तरी लांबून समोरून आणि बाजूने फोटो काढायला सांगा. आणि हे कुणासाठी करताय तेही स्वतःला विचारा. आपल्याकडे चाफेकळी नाकाचं कौतुक आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं हे ऐकतच मुली मोठ्या होतात, बघायला आलेली माणसं काहीतरी बोलून जातात आणि ते वर्षानुवर्षं मनात राहतं. तशा एखाद्या वाक्यामुळे ऑपरेशन करू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. दिवसातले तासन् तास आरशात नाकच बघण्यात जात असतील, त्यापायी बाहेर जाणं टाळत असाल तर आधी मानसोपचार तज्ज्ञांना भेटा, कारण अशा वेळी ऑपरेशन चांगलं होऊनही समाधान होत नाही. वयाचंही आहे, नाकाची वाढ पूर्ण व्हायला हवी, मुलींमध्ये साधारण 15-16 आणि मुलांमध्ये 17-18 वर्षं.

डॉक्टर निवडताना डिग्री बघा. एमएस किंवा डीएनबी जनरल सर्जरीनंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच केलेले, नाहीतर कान-नाक-घशाचे सर्जन ज्यांनी नाकाच्या आकाराच्या सर्जरीचं वेगळं शिक्षण घेतलंय. नुसतं "कॉस्मेटिक एक्सपर्ट" लिहिलेलं पुरेसं नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्यांची नोंदणी आहे का ते तपासा. त्यांनी केलेल्या, तुमच्यासारखं नाक असलेल्या पेशंटचे फोटो मागा, आणि ते वर्षभरानंतरचे असावेत, महिन्याभराचे नाही. मुंबईत केईएम, सायन, जेजे अशा मोठ्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत, खर्चाचा प्रश्न असेल तर तिथल्या ओपीडीत जाऊन विचारायला अजिबात संकोच करू नका.

आपल्या लोकांत त्वचा जाड आणि कूर्चा मऊ असण्याचं प्रमाण बरंच असतं, त्यामुळे खूपदा काढून टाकण्यापेक्षा भर घालावी लागते, आणि जाड कातडीखाली नाकाचा शेंडा फोटोतल्या नटीसारखा टोकदार दिसेलच असं नाही. ही भर कशाची घालणार ते विचारा. पडद्याचा, कानाचा किंवा बरगडीचा स्वतःचाच कूर्चा वापरता येतो, सिलिकॉनचा तुकडाही घालतात पण त्यात पुढे जंतुसंसर्ग व्हायची किंवा तो कातडीतून बाहेर यायची भीती राहते. स्वतःच्याच शरीरातून नाक घडवायची विद्या आपल्याकडची फार जुनी आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याचं नाक पुण्याजवळ एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून नवं बनवलं, त्याची बातमी 1794 मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि ती वाचूनच पुढे 1814 मध्ये तिकडच्या सर्जनने तसं ऑपरेशन केलं. कॅन्सरमुळे नाक गेलेल्या पेशंटवर ही कपाळाची पद्धत आजही वापरतात.

फिलर (इंजेक्शनने कातडीखाली भरायचं जेल) मारून बिनाऑपरेशन नाक सरळ, अशा जाहिराती दिसतात, त्याबद्दल खूप सावध राहा. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात, फिलर चुकून त्यात गेलं तर कातडी काळी पडून मरू शकते, दृष्टी जाऊ शकते. पार्लरमध्ये तर हे कधीच करू नका. आणि ते नाक उचलायचे चिमटे मिळतात त्यांनी नाकाचा आकार बदलत नाही.

पैशांचं लेखी घ्या, सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, रूम, औषधं, आणि पुन्हा दुरुस्ती लागली तर त्याचे किती. केवळ दिसण्यासाठी केलेलं विम्यात बसत नाही आणि त्यावर जीएसटीही लागतो. वाकड्या पडद्याचा भाग मात्र बऱ्याच पॉलिसींत वेटिंग पिरियडनंतर मिळतो, त्यामुळे आधीच विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

तयारीत सगळ्यात महत्त्वाचं सिगारेट, किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद, कारण त्याने जखम भरत नाही. अॅस्पिरिन, ब्रुफेन, व्हिटॅमिन ई, फिश ऑइल, काढे, आयुर्वेदिक गोळ्या, जे काही घेता ते सगळं सांगा, रक्तस्राव वाढू शकतो म्हणून यातलं बरंचसं आधी बंद करायला सांगतात. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने थांबवू नका, दोन्ही डॉक्टरांना बोलू द्या.

नंतरचं सांगते. माझं पूर्ण भूल देऊन झालं, पहिले दोन दिवस दुखण्यापेक्षा तोंडाने श्वास घेऊन घशाला कोरड पडण्याचा त्रास जास्त होता. वरचं प्लास्टर साधारण आठवड्याने निघतं, डोळ्याखालचं काळंनिळं दोनेक आठवड्यांत जातं. उशा उंच लावून झोपायचं, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. वाफ, जलनेती, नस्य, नाकात तूप हे घरातलं कुणी प्रेमाने सुचवेल, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. चष्मा नाकावर चार ते सहा आठवडे टेकवायचा नसतो, तेव्हा त्याची सोय आधी करून ठेवा.

आणि नथ! चमकी असेल तर ऑपरेशनआधी काढावी लागते, परत कधी घालायची, छिद्र बुजलं तर कधी टोचायचं हे सर्जन सांगतील. चापाची नथसुद्धा नाकपुडीला दाबते. त्यामुळे लग्न किंवा साखरपुडा दोन-तीन महिन्यांवर असेल तर कृपया आत्ता करू नका, तेव्हा नाक सुजलेलंच असतं.

रात्री ताप आला, रक्त थांबेना, पाण्यासारखं पातळ सतत गळायला लागलं किंवा दोन्ही बाजू गच्च होऊन ठणका वाढत गेला तर सकाळची वाट बघू नका. पडद्यात रक्त साठलं आणि ते वेळेत काढलं नाही तर कूर्चा गळून नाक मधोमध बसतं. डॉक्टरांचा नंबर घरच्यांच्या फोनमध्येही ठेवा.

बाकी सूज बरीचशी तीन महिन्यांत उतरते पण शेंड्याची सूज जायला वर्ष लागतं, जाड त्वचेत त्याहूनही जास्त. माझा शेंडा चौथ्या महिन्यात एका बाजूला फुगलेला वाटायचा आणि मी रडले होते, तो नंतर आपोआप बसला. दुरुस्तीचं ऑपरेशनही म्हणूनच साधारण वर्ष उलटल्याशिवाय करत नाहीत. तोपर्यंत महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, तेवढ्याच लांबून, दुसऱ्या कुणाकडून तरी एक फोटो काढून घेत जा. रोज आरशात बघून फरक कळत नाही.