फ्लोरेसच्या गावात बिऱ्हाड करताना

काजूच्या येत्या हंगामाला आपल्याकडचे दोघेतिघे इकडे यायचे आहेत. फोनवर सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "तिकडे नेटवर्क आहे ना?" आहे. माझ्या अंगणातल्या चिंचेखाली उभं राहिलं की दोन काड्या येतात, पाऊस लागला की जातात. पण तुमचं अडणार आहे ते नेटवर्कमुळे नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी वेंगुर्ल्याचा. काजू खरेदीच्या कामाने अकरा वर्षांपूर्वी इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाच्या पूर्व भागात आलो. इथलं शहर लारान्तुका, तिथून मोटारसायकलने दीड तासावर आमचं गाव. हंगाम आपल्या उलटा, साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर. घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे, तेव्हा घरच्यांना रात्री नऊला फोन करायचा तर इथे साडेअकरा होतात आणि सगळं गाव झोपलेलं असतं.

आल्या आल्या गावच्या मुख्याकडे जा. बऱ्याच गावांत पाटीच असते, पाहुण्याने चोवीस तासांत नोंद करावी अशी. पासपोर्ट आणि किटास, म्हणजे राहण्याचा परवाना, यांच्या पाच-सहा झेरॉक्स लारान्तुकालाच काढून घ्या. गावात मशीन नाही. सोबत साखर आणि कॉफी न्या. मुख्याला 'बापा देसा' म्हणायचं. माझी चूक सांगतो. मी कागद दिले, सही घेतली, समोर ठेवलेली कॉफी तशीच टाकून उठलो. गाडी थांबली होती. पुढे वर्षभर माझी ओळख 'तो घाईवाला'. यजमान 'सिलाकान', म्हणजे 'घ्या', म्हणेपर्यंत कप उचलायचा नाही, आणि म्हटल्यावर तो भरलेला सोडायचा नाही. अर्धा दिवस मोडेल, मोडू द्या.

भाषेची धास्ती घेऊ नका. गावात आपसात 'लामाहोलोत' ही इथली भाषा बोलतात, पण इंडोनेशियन सगळ्यांना येते आणि ती आपल्याला अर्धी ओळखीची असते. भाषा ती 'बाहासा', वर्ण तो 'वार्ना', स्वामी म्हणजे नवरा 'सुआमी', आणि 'इस्त्री' म्हणजे बायको. (कपड्यांच्या इस्त्रीला दुसरा शब्द आहे, गल्लत करू नका.) हा भाग पोर्तुगीजांनी १८५९ च्या तहात डचांना देऊन टाकला, पण त्यांचे शब्द राहिले. इगर्जीला, म्हणजे चर्चला, 'गेरेजा', फेस्ताला 'पेस्ता', खिडकीला आजी जनेल म्हणायची ते 'जेन्देला', आणि सपाता म्हणजे बूट ते 'सेपातू'. मालवणी माणसाला हे शिकवावं लागत नाही. फसगतही होते. 'काकी' म्हणजे पाय, 'दादा' म्हणजे छाती, आणि कोणी 'कोपी सुसू' घेणार का विचारलं तर दचकू नका, ती दुधाची कॉफी.

रस्त्यात भेटेल तो विचारणार, कुठे चाललात? चौकशी नाही ती, रामराम आहे. 'इथेच, पुढे' म्हणायचं आणि चालू पडायचं. वडीलधाऱ्यांना बापा नि मामा. हो, 'मामा' म्हणजे आई. सवय व्हायला महिना जातो. वस्तू देता-घेताना उजवा हात.

घराचं म्हणाल तर न्हाणीत हौद आणि तांब्या, म्हणजे आपलंच. वीज बहुतेक ठिकाणी आधी पैसे भरून: किऑस्कवर वीस आकड्यांचा नंबर विकत घ्यायचा आणि मीटरवर दाबायचा. शिल्लक संपत आली की मीटर रात्री दोनला टिटवीसारखं ओरडतं. स्वयंपाक रॉकेलवर नाहीतर लाकडावर, गॅसच्या भरवशावर येऊ नका. पेट्रोल टपरीवर बाटलीतून. पाण्याचं मात्र गांभीर्याने घ्या. हा इंडोनेशियाचा सगळ्यात कोरडा पट्टा; पाऊस डिसेंबर ते मार्च, आणि सप्टेंबरात टँकर सांगावा लागतो. भाडं ठरवण्याआधी टाकी किती लिटरची ते बघा, खोल्या नंतर मोजा.

खायला भात, मका, मासे, आणि शेवग्याचा पाला, जो इथे कुंपणाकुंपणाला असतो. शाकाहाऱ्यांनी 'मांस नको' एवढंच सांगून भागत नाही, कारण 'दागिंग' म्हटलं की त्यात कोंबडी-मासळी धरत नाहीत. दोन्हींची नावं घेऊन नको म्हणा. तरी चटणीत कोळंबीची 'तेरासी' असतेच. डुक्कर आणि कुत्रा दोन्ही पंगतीला असू शकतात; नको असेल तर हसून भात पुढे ओढा, तोंड वाकडं करू नका.

पोह्यांची आठवण आली तर 'जागुंग तिती' शोधा. आमच्या शेजारची मामा पहाटे चुलीवर मातीच्या भांड्यात मका भाजते. दाणे तडतडायला लागले की नुसत्या बोटांनी दोन-तीन उचलते, सपाट दगडावर टाकते आणि दुसऱ्या दगडाने एकच घाव घालते. दाण्याचा चपटा पोहा. एका हाताने उचलणं, दुसऱ्याने मारणं, दोन्हींचा ताल चुकत नाही. मी एकदा करून पाहिलं, बोटाला फोड आला आणि मामा पोट धरून हसली. त्यावर फोडणी घालून मी कांदेपोहे केले तेव्हा गावाने चव घेतली, पसंत नाही पडले.

आता कुत्रा. १९९७ साली लारान्तुकाकडून रेबीज या बेटावर शिरला तो अजून गेलेला नाही. चावला, नुसता ओरखडला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस गाठा. लस जवळ कुठल्या केंद्रावर असते हे पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवा. 'पुस्केस्मास' म्हणजे आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र. ताप आला की तिथे मलेरियासाठी रक्त तपासा, घरी गोळ्या खात बसू नका.

मग ज्वालामुखी. लेवोतोबीचे डोंगर दोन, लाकी-लाकी म्हणजे पुरुष आणि पेरेम्पुआन म्हणजे बाई. पुरुष ३ नोव्हेंबर २०२४ च्या मध्यरात्री असा फुटला की तापलेल्या दगडांनी घरं पेटली, माणसं गेली. इशाऱ्याचे शब्द चढत्या क्रमाने पाठ करा: वास्पादा, सियागा, आणि शेवटचा आवास. आवास म्हटलं की सामान आवरायचं नाही, निघायचं. राख पडू लागली की छपरावरून टाकीत येणारा पाइप आधी काढा. मी विसरलो आणि दोन हजार लिटर पाणी ओतून दिलं. किनाऱ्यालगत असाल तर जोराचा, लांबलेला भूकंप होताच चढणीला लागा. १२ डिसेंबर १९९२ च्या त्सुनामीबद्दल इथली म्हातारी माणसं बोलतात तेव्हा आवाज खाली जातो.

आणि मयताला जा. 'सुका दुका' हा त्यांचा शब्द, म्हणजे सुखदुःखच. लग्नाला गेला नाहीत तर चालून जाईल, मयताला नाही. अर्धं पोतं तांदूळ किंवा पाकीट न्यायचं. आपल्या आहेराच्या वहीसारखी वही असते, तीत नाव लिहितात. मग प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं. बोलायलाच हवं असं नाही. माझ्या घराचं छप्पर उडालं तेव्हा न बोलावता बावीस माणसं आली. हाताने झावळ्या आणि तारा बांधत होती, आणि मी कधी कुणाच्या अंगणात बसलो होतो ते एकमेकांना सांगत होती.

धर्म विचारतील, तो ओळखपत्रावरही असतो. हिंदू म्हटलं की "बालीचे का?" आणि भारतीय म्हटलं की शाहरुख खान. दोन्हींना हो-नाही करत कॉफी येते.

सामानात मसाला आणा, जुने चांगले चप्पल आणा, आणि कुकरच्या दोन रिंगा. तांदळाचा प्रश्न नाही, रिंग मात्र लारान्तुकालाही मिळत नाही.