घरात रताळ्याची वेल लावताय? मुंबईच्या हवेत या चुका टाळा

श्रावणी सोमवारच्या उपासाला आणलेल्या रताळ्यांतलं एखादं टोपलीच्या तळाशी राहून जातं आणि बघता बघता त्याला जांभळट कोंब फुटतात. ते फेकवत नाही. मग काचेचा ग्लास, चार टूथपिक आणि खिडकीची कड. दोन महिन्यांनी एकतर ग्लासाला कुजका वास येतो, नाहीतर खिडकीभर हिरवीगार वेल पसरते. पण माती उकरून बघावी तर दोरीसारखी मुळं.

मुलुंडला तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात मी गेली सहा वर्षं रताळी लावते आहे. पहिली दोन वर्षं हाती काही लागलं नाही, कारण मी वाचलेले सगळे सल्ले थंड देशांतल्या घरांसाठी होते. तिथे रताळ्याला ऊब कशी मिळेल ही काळजी असते. आपल्याकडे ऊब बारा महिने फुकट आहे. मुंबईतल्या घरात अडतं ते उन्हावर, पावसाळी दमटपणावर आणि साचलेल्या पाण्यावर.

सुरुवात करण्याआधी एक ठरवून टाका: तुम्हाला वेल हवी आहे की रताळी? शोभेची आणि भाजीपुरती वेल कुठल्याही उजेडाच्या खोलीत येते. रताळी पोसायला मात्र रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. ते नसेल तर वेलीवर समाधान माना. कोवळे शेंडे आणि पानं लसणाच्या फोडणीवर परतून छान लागतात. (बटाट्याचा पाला विषारी असतो, रताळ्याचा नाही. ही दोन झाडं वेगवेगळ्या कुळांतली आहेत. रताळं हे गारवेलीच्या आणि नाळीच्या भाजीच्या कुळातलं.)

बटाट्यासारखे तुकडे करणं

बटाटा म्हणजे जमिनीखालचं खोड, म्हणून त्याला डोळे असतात आणि डोळ्यासकट तुकडा लावला की झाड येतं. रताळं हे फुगलेलं मूळ आहे. त्याला तसे ठरलेले डोळे नसतात. कोंब बहुतेक वेलीकडच्या टोकाला, म्हणजे जिथे ते देठाला जोडलेलं होतं तिथे फुटतात. कापलेले तुकडे आपल्या दमट हवेत चार दिवसांत बुरशी धरतात.

अख्खं रताळं थेट मोठ्या कुंडीत पुरणंही टाळा. वेल येते, पण पुष्कळदा ते जुनं रताळंच रेषाळ होऊन सुजत राहतं आणि नवी कमी धरतात. आधी कोंब वाढवायचे, वीतभर झाले की तोडून घ्यायचे आणि ते कोंब लावायचे.

बाजारात निवडताना टणक, सालीला खरचटलेलं नसलेलं, मध्यम आकाराचं रताळं घ्या. टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर आत सोंड्या भुंग्याची अळी असते, ते घरात आणू नका. आणि लावायचं रताळं फ्रिजमध्ये कधीच ठेवू नका. १२-१३ अंशांखाली त्याला थंडी बाधते. वरून ठीक दिसतं, पण कोंब फुटायच्या ऐवजी आतून काळं पडतं.

ग्लासातलं पाणी

काचेच्या ग्लासाचा प्रयोग मुलांना दाखवायला सुंदर आहे. पण मुंबईत, त्यातही जून ते ऑक्टोबर, मी तो करत नाही आणि करा असं सांगतही नाही. डेंग्यूचा एडिस डास अंडी घालायला असंच स्वच्छ, साठलेलं पाणी शोधतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला या हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात महापालिकेचे लोक घरोघरी येऊन मनी प्लँटच्या बाटल्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या तपासतात, ते उगाच नाही. ग्लास ठेवायचाच असेल तर दर दोन-तीन दिवसांनी पाणी ओता आणि कडा आतून घासून काढा. अंडी काचेला चिकटलेली असतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

त्यापेक्षा सोपी रीत: पसरट डब्याला खाली भोकं पाडा, चार बोटं ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा, रताळं त्यावर आडवं ठेवा आणि अर्धं झाका. कुठलं टोक वर, कुठलं खाली हा प्रश्नच उरत नाही. कोकोपीट पिळलेल्या फडक्याइतकं ओलं असावं, त्याहून जास्त नाही. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतात.

वीतभर झालेला, चार-पाच पेरांचा कोंब मुळापासून पिरगाळून तोडा. खालची पानं काढून पाण्यात ठेवला तर तीन-चार दिवसांत पांढरी मुळं दिसतात. ती बोटाच्या पेराएवढी झाली की लगेच मातीत लावा. "अजून थोडी वाढू देत" म्हणून थांबलात तर मुळांचा गुंता होतो आणि पुढे रताळी वाकडीतिकडी धरतात. लावताना दोन-तीन पेरं मातीत गेली पाहिजेत.

दक्षिणेची खिडकी

सगळ्यात जास्त फसवणारा सल्ला हाच: "कुंडी दक्षिणेच्या खिडकीत ठेवा." लंडनला तो बरोबर असेल. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचे दिवस (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर) येतात, आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य दुपारीसुद्धा आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे त्या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही. वर ढग. आषाढी एकादशीला हौसेने लावलेली वेल लांब, पिवळट आणि काडीसारखी का होते, याचं उत्तर इथे आहे.

हिवाळ्यात चित्र उलटं होतं. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंशच वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार खोलीत शिरतं. शिवाय दिवस लहान असतो, आणि लहान दिवसांत रताळी चांगली धरतात. म्हणून माझं वेळापत्रक असं बसलं आहे: श्रावणात कोंब काढायला ठेवायचे, अनंत चतुर्दशी झाली की झाडं लावायच्या मोठ्या पिशवीत, म्हणजे ग्रो बॅगमध्ये, लावायचे आणि चार-साडेचार महिन्यांनी काढायचे. महाशिवरात्रीच्या उपासाला घरची रताळी मिळतात.

पूर्वेची किंवा पश्चिमेची खिडकी असेल तर एका सुट्टीच्या दिवशी घड्याळ घेऊन बसा आणि ऊन किती तास टिकतं ते मोजा. समोरची इमारत, वरचा सज्जा, स्लायडिंगची रंगीत काच, सगळं त्यातून वजा होतं. कागदावर पूर्वाभिमुख असलेल्या आमच्या खिडकीत प्रत्यक्षात साडेतीन तासच ऊन निघालं. रताळी धरायला लागली ती कुंडी बाल्कनीत हलवल्यावर.

एलईडीचा उजेड लावता येतो. वीस वॅटची पांढरी पट्टी वेलीपासून सात-आठ इंचांवर, रोज बारा तास, एवढ्यावर पानं तजेलदार राहतात. रताळी पोसण्याइतकी ताकद त्यात नसते. आणि दिवा रात्रंदिवस चालू ठेवू नका, झाडाला अंधारही लागतो.

उथळ कुंडी, दडपलेली माती

बारा इंच खोल आणि तितकीच रुंद पिशवी ही एका कोंबासाठी कमीत कमी जागा. पंधरा बाय पंधराची ग्रो बॅग असेल तर दोन कोंब. आधी छोट्या कुंडीत लावून नंतर हलवू नका. रताळी कुठली मुळं व्हायची हे पहिल्या महिना-दीड महिन्यातच ठरतं, आणि तेव्हा कुंडीच्या कडेने गोल फिरलेलं मूळ पुढे तसंच गोल पोसतं.

नर्सरीतली लाल माती नुसती वापरली तर दोन पावसाळ्यांत विटेसारखी बसते. मी एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट आणि अर्धा भाग जुनं गांडूळखत घेते. हात मनगटापर्यंत सहज आत गेला पाहिजे.

पंधरा इंची पिशवीत चाळीसेक लिटर मिश्रण मावतं. भिजल्यावर तिचं वजन चाळीस किलोच्या घरात जातं. ती खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये ठेवू नका. गंजलेल्या ग्रिलखालून माणसं ये-जा करत असतात. मोठी पिशवी बाल्कनीच्या किंवा खोलीच्या जमिनीवर, भिंतीलगत ठेवा आणि वेल दोरीने ग्रिलवर चढवा.

खताचा अतिरेक

पानं हातभर आणि खाली काहीच नाही, असं झालं तर बहुतेक वेळा नत्र जास्त झालेलं असतं. दर पंधरा दिवसांनी गांडूळखत, वर शेणखताचं पाणी, मधे युरियाची चिमूट, हे सगळं पानांत जातं. लावताना मिसळलेलं खत पुरतं. दीड महिन्यानंतर सल्फेट ऑफ पोटॅश (पालाशचं खत), लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम, महिन्यातून एकदा. केळीच्या सालींचं पाणी मी करून पाहिलं. घरात चिलटं झाली.

पाणी आणि पावसाळी दिवस

दोन इंच बोट खुपसा. ओलं लागलं तर पाणी नको. जुलैत मी कधी कधी आठ-आठ दिवस पाणी घालत नाही, आणि मार्चमध्ये एक दिवसाआड घालते. वेळापत्रकाने पाणी घालणं हीच चूक.

पान दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळी सावरतं, तर काळजी नाही. माती ओली असूनही पान मलूल राहत असेल तर मुळं कुजत आहेत. तेव्हा कुंडी वाचवायच्या मागे लागू नका. वेलीचे निरोगी शेंडे वीतभर कापा, पाण्यात मुळं काढा आणि नव्या मातीत लावा. रताळ्याची वेल इतक्या सहज मूळ धरते की पूर्ण गेलेल्या कुंडीतूनही पुढचं झाड मिळतं.

पावसाळ्यात पानांच्या खाली बारीक, खडबडीत पुटकुळ्या आल्या तर फवारणीला धावू नका. तो रोग नाही. दमट हवेत पानांतून पाणी बाहेर पडत नाही आणि मुळं ओढतच राहतात, म्हणून पेशी फुगतात. पाणी कमी करा, पंखा लावा.

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा देठांवर मुंग्या पाहून अख्खी वेल उपटली होती. मला फार वाईट वाटलं. पान जिथे देठाला जोडलेलं असतं तिथे रताळ्याला मधाच्या दोन बारीक ग्रंथी असतात. मुंग्या त्यासाठी येतात. पानामागे कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तरच तो पिठ्या ढेकूण. तो ओल्या कापसाने पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. एसीच्या खोलीत पानं फिकट, ठिपकेदार झाली तर पानांची खालची बाजू नळाखाली धुवा. कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड वाढते. आणि कापल्यावर निघणारा पांढरा चीक नेहमीचाच, त्याने घाबरू नका.

कोकणात मामाकडे रताळ्याचे वेल मधूनमधून उचलून पालटतात, कारण मातीला टेकलेलं प्रत्येक पेर मूळ धरतं आणि पोषण वाटलं जातं. घरात वेल वर चढवली की हे काम आपोआप होतं.

काढायची घाई

तीन महिन्यांनी कडेची माती हाताने सरकवून बघा. अंगठ्याएवढी असतील तर माती परत लोटा आणि महिनाभर थांबा. काढायच्या आधी आठवडाभर पाणी बंद. खुरपं नको, पिशवी आडवी करून हाताने सोडवा.

लगेच उकडलीत तर पिठूळ आणि बेचव लागतील. न धुता, सावलीत, कागदावर पसरून आठ-दहा दिवस ठेवा. सालीवरच्या जखमा भरतात आणि पिष्टाची साखर व्हायला लागते. त्यासाठी तीस अंशांच्या आसपासची दमट हवा लागते. फेब्रुवारीत ती नसेल तर रताळी कागदात गुंडाळून स्वयंपाकघराच्या उबदार कोपऱ्यात ठेवा. काळं पडलेलं, कडवट वासाचं रताळं कापून उरलेला भाग खाऊ नका, सगळंच टाका.

वेल कचऱ्यात जाण्याआधी शेंड्याकडचे दोन तुकडे कापून ओल्या कोकोपीटमध्ये खोचून ठेवा. श्रावणापर्यंत ते छोट्या कुंडीत तग धरतात, आणि पुढच्या वर्षी बाजारातून रताळं आणून कोंबाची वाट पाहावी लागत नाही.