दम लागतोय? आधी फुंकर मोजून घ्या, मग पंप ओढायला शिका

मी रोज पीएफटी करते, म्हणजे लोकांना मशीनमध्ये फुंकायला लावते आणि त्यांची फुप्फुसं किती चालतात ते मोजते. रोज हेच दिसतं की माणूस एक्स-रेचा गठ्ठा काखेत मारून येतो, खोकल्याच्या बाटल्यांवर बाटल्या संपवून झालेल्या असतात, पण फुंकर एकदाही कोणी मोजलेली नसते. अस्थमा असेल किंवा सुरुवातीचा सीओपीडी (धूर-धुळीने श्वासनळ्या कायमच्या आवळण्याचा आजार) असेल तर एक्स-रे चक्क नॉर्मल येऊ शकतो, कारण त्यात फुप्फुसाचा फोटो येतो, आतल्या नळ्या आवळल्यात का ते कळत नाही. एक्स-रे नको असं म्हणत नाहीये मी, न्यूमोनिया, टीबी, पाणी, गाठ यासाठी तो लागतोच, पण तो चांगला आला म्हणून दम खोटा ठरत नाही.

छातीच्या डॉक्टरांकडे जायच्या आधी एका कागदावर लिहून काढा, तिथे गेल्यावर निम्मं विसरायला होतं. खोकला किती दिवसांपासून आहे, रात्री किंवा पहाटे झोपेतून उठवतो का, छातीत शिट्टी वाजल्यासारखं होतं का, दम कायम आहे की येतो-जातो, सपाटीवर आपल्या वयाच्या माणसाबरोबर चालताना मागे पडता का. सिगारेट-विडी किती वर्षं ओढली ते खरं लिहा, चुलीच्या धुरात, दगडाच्या धुळीत किंवा कबुतरं-पोपट पाळण्यात वर्षं गेली असतील तर तेही. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, कारण रामिप्रिल, एनालाप्रिल अशा बीपीच्या गोळ्यांनीसुद्धा काहींना कोरडा खोकला लागतो आणि तो गोळी बदलल्यावरच जातो.

खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल, बरोबर ताप, वजन उतरणं, रात्री घाम असं असेल तर आधी बेडका तपासायचा. सकाळी उठल्या उठल्या चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढायचा, तोंडातली लाळ डबीत टाकून काही उपयोग नाही. टीबीचा संशय मिटेपर्यंत आम्ही स्पायरोमेट्री, म्हणजे हीच फुंकायची टेस्ट, करत नाही. खोकल्यातून रक्त येत असेल, नुकताच हार्ट अटॅक आला असेल, डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर तेही फुंकायच्या आधीच सांगा.

आता टेस्टची तयारी. त्या दिवशी घट्ट कपडे नकोत, पोट तुडुंब भरून येऊ नका, तासभर आधी सिगारेट नको. लगेच आराम देणारा पंप (इनहेलर) साधारण ४ ते ६ तास आधी थांबवायला सांगतात आणि लांब पल्ल्याचा औषधाप्रमाणे २४ ते ४८ तास, पण हे स्वतःच्या मनाने करू नका, विचारून करा, आणि मधेच दम वाढला तर सरळ पंप घ्या, टेस्ट दुसऱ्या दिवशी होईल.

खुर्चीत ताठ बसायचं, नाकाला क्लिप, ओठ नळीभोवती घट्ट. पूर्ण श्वास आत, अगदी जागाच उरली नाही इतका, आणि मग न थांबता एकदम धाडकन बाहेर. इथेच लोक चुकतात, फुगा फुगवल्यासारखं हळू सुरू करतात किंवा दोन सेकंदांत सोडून देतात. मी शेजारी उभी राहून ओरडत असते, चालू ठेवा, अजून, अजून, आणि माणसाला वाटतं की हवा संपली, पण स्क्रीनवरची रेघ अजून हळूहळू वर चढत असते. निदान ६ सेकंद फुंकायला हवं. असे तीन नीट फुंकलेले प्रयत्न लागतात, चक्कर आल्यासारखं वाटलं तर मधे थांबा, कोणी रागावत नाही.

रिपोर्टमध्ये दोन आकडे शोधा. एफव्हीसी म्हणजे एकूण किती हवा सोडली आणि एफईव्ही-१ म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात किती सोडली. धडधाकट मोठ्या माणसाची साधारण तीन चतुर्थांश हवा पहिल्याच सेकंदात बाहेर पडते, नळ्या आवळल्या असतील तर तीच हवा रेंगाळत येते. मग साल्ब्युटामॉल या नळ्या उघडणाऱ्या औषधाचे ४ पफ देऊन १५ मिनिटांनी परत फुंकायला लावतात. एफईव्ही-१ निदान १२ टक्के आणि २०० मिली वाढला तर नळ्या उघडतायत, हे अस्थमाकडे बोट दाखवतं. पफनंतरही दोन आकड्यांचं गुणोत्तर (एफईव्ही-१ भागिले एफव्हीसी) ०.७० च्या खालीच राहिलं आणि धुराचा इतिहास असेल तर सीओपीडी. गुणोत्तर ठीक पण एकूण हवाच कमी असेल तर फुप्फुस आखडलंय का ते बघावं लागतं, त्यासाठी मग एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि डीएलसीओ (फुप्फुसातून वायू रक्तात किती नीट जातो त्याची टेस्ट). अस्थमावाल्याची टेस्ट चांगल्या दिवशी नॉर्मल येऊ शकते बरं का, अशा वेळी पीक फ्लो मीटर घरी न्या, दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंका आणि सगळ्यात मोठा आकडा लिहीत जा.

निदान झालं, पंप हातात आला, आणि माझ्या मते खरी गडबड इथून सुरू होते. एक आजोबा आले होते, म्हणाले दोन वर्षं झाली पंप घेतोय, काही फरक नाही. म्हटलं माझ्यासमोर घेऊन दाखवा. त्यांनी पंप न हलवताच तोंडात धरला, दाबला, आणि पांढरा धूर ओठांच्या कडेने अन् नाकातून बाहेर आला. दोन वर्षं औषध जिभेवर बसत होतं. डोस वाढवला नाही, स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, दिला आणि शिकवलं, महिन्याभराने तेच आजोबा जिना चढून आले.

तर दाबायचा पंप असा घ्या: झाकण काढा, चांगला हलवा, आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा, ओठ घट्ट मिटा, हळू आत ओढायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी दाबा, ओढत राहा, मग १० सेकंद रोखून धरा. दुसरा पफ अर्ध्या मिनिटाने, परत हलवून. स्पेसर असेल तर वेळ साधायची कटकट कमी होते, पण एका वेळी एकच पफ, दोन-तीन एकदम मारून ठेवू नका. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि तसाच वाळू द्या, फडक्याने पुसला तर आत स्टॅटिक तयार होतं आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं. पावडरच्या पंपाचं मात्र उलटं, तिथे जोरात आणि खोल ओढायचं, आणि यंत्रात श्वास सोडायचा नाही, पावडर ओली होते. कॅप्सूलवाला असेल तर ओढताना आत खडखड आवाज यायला हवा, आणि झाल्यावर उघडून बघा, पावडर उरली असेल तर परत ओढा. कॅप्सूल गिळायची नाही, गिळणारे खूप भेटतात म्हणून सांगतेय.

स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकून टाका, नाहीतर तोंडात बुरशी धरते, आवाज बसतो. स्टेरॉइड ऐकून घाबरू नका, ते थेट नळीत जातं म्हणून गोळीपेक्षा फार कमी पुरतं. आणि पंपाची सवय लागेल या भीतीने दम जरा कमी झाला की तो बंद करू नका, सूज आत तशीच असते. नुसत्या आराम देणाऱ्या निळ्या पंपावर अस्थमा ढकलत राहणं धोक्याचं आहे, २०१९ पासून जीना या अस्थमावरच्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की मोठ्यांना आणि किशोरवयीन मुलांना सूज कमी करणारं औषध बरोबर हवंच. आराम देणारा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल तर परत दाखवा.

एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळे पडतायत, माणूस गोंधळल्यासारखा करतोय, तर त्याला ताठ बसवा, निळ्या पंपाचे ४ पफ स्पेसरमधून एकेक करून द्या आणि त्याच वेळी ॲम्ब्युलन्स बोलवा. ऑक्सिमीटरच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका, गार बोटं आणि नेलपॉलिशने तो चुकतो. सीओपीडीवाल्यांना घरच्यांनी परस्पर ऑक्सिजन वाढवून देऊ नये, ऑक्सिमीटरवर त्यांचं टार्गेट बहुतेक वेळा ८८ ते ९२ टक्के इतकंच ठेवतात.

पुढच्या व्हिजिटला पंप आणि स्पेसर दोन्ही पिशवीत घालून आणा आणि सांगितलं नाही तरी स्वतःहून म्हणा, मी घेऊन दाखवतो, बघा बरोबर आहे का.