डोळ्याखालचे खड्डे आणि कडेच्या सुरकुत्या: सुई टोचून घ्यायच्या आधी

"ताई, ते डोळ्याखालचं इंजेक्शन तुम्ही करता का?" हल्ली पार्लरमध्ये हे सारखं विचारतात. नाही करत, आणि कुठल्याच पार्लरवालीने करू नये, ते डॉक्टरचं काम आहे. पण दिवसभर लोकांचे चेहरे इतक्या जवळून बघते आणि करून आलेल्या बायका नंतर माझ्याकडेच येऊन बसतात, म्हणून जे विचारायला पाहिजे आणि कोणी विचारत नाही ते इथे लिहून टाकते.

सगळ्यात आधी हे डोक्यात फिट करा की बोटॉक्स वेगळं आणि फिलर वेगळं. बोटॉक्स स्नायू ढिला करतं. नसेकडून स्नायूला आवळायचा निरोप जातो तोच ते अडवतं, म्हणून हसताना डोळ्याच्या कडेला ज्या रेघा फुटतात त्या कमी होतात. डोळ्याखालचं फिलर म्हणजे बहुतेक वेळा हायल्युरोनिक अॅसिडची जेल, ती खड्डा भरते. खड्ड्यात बोटॉक्स मारून काही होत नाही आणि हसण्याच्या रेघांना फिलर हा पहिला उपाय नाही. तरी बाया क्लिनिकमध्ये जाऊन म्हणतात "डोळ्याचं काहीतरी करा", आणि मग समोरच्याला जे विकायचं ते विकलं जातं.

तर आधी घरी आरसा घ्या. दिवसा खिडकीकडे तोंड करून उभ्या राहा, उजेड समोरून पडला पाहिजे. तोंड शांत ठेवा, मग मोठ्ठं हसा. हसल्यावरच रेघा येत असतील तर ते बोटॉक्सचं काम, न हसताही पक्क्या कोरलेल्या दिसत असतील तर त्या बोटॉक्सने हलक्या होतील, पूर्ण जातीलच असं नाही. आता खड्डा बघा. रात्री डोक्यावरच्या ट्यूबखाली डोळ्याखाली काळं दिसतं आणि खिडकीसमोर ते बरंच गायब होतं, तर ती सावली आहे, खड्ड्याची, तिथे फिलरचा उपयोग होऊ शकतो. पण समोरच्या उजेडातही काळं तसंच, बोटाने त्वचा हलकेच ताणली तरी तसंच, तर तो त्वचेचा रंग आहे आणि फिलरने रंग जात नाही. आपल्याकडे दहातल्या निम्म्या बायकांचं हेच असतं असं माझं मत, शिवाय अॅलर्जीने डोळे चोळायची सवय, रक्त कमी. हिमोग्लोबिन तपासून या आधी, ते स्वस्त आहे. आणि सकाळी डोळे सुजलेले दिसत असतील तर फिलर शक्यतो नकोच, ती जेल पाणी धरते, पिशवी अजून फुगते.

बोटॉक्सचा हिशोब युनिटमध्ये असतो. दोन्ही डोळ्यांच्या कडा मिळून ठरलेला डोस 24 युनिट, एका बाजूला तीन जागी चार-चार. कमी-जास्त डॉक्टर करतात ते चेहरा बघून. म्हणून रेट "एका सिटिंगचा" विचारू नका, युनिटचा विचारा आणि किती युनिट मारणार ते पण विचारा. एक लक्षात ठेवा, वेगवेगळ्या कंपनीचं युनिट सारखं नसतं, डिस्पोर्टचा (तसंच दुसऱ्या कंपनीचं इंजेक्शन) आकडा बोटॉक्सपेक्षा मोठा असतो म्हणजे औषध जास्त मिळालं असं नाही. आणि फ्रीज विचारा, लाजू नका. बोटॉक्सची बाटली 2 ते 8 डिग्रीत ठेवायची असते, आणि आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, वर लाईट जाते ती वेगळीच. बॅकअप आहे का, बाटली माझ्यासमोर उघडाल का, एवढं विचारल्यावर जो डॉक्टर चिडतो तिथून उठून या.

असर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसायला लागतो, पूर्ण व्हायला दोन आठवडे, टिकतो तीन-चार महिने. त्यामुळे घरात लग्न असेल किंवा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाऊन सगळ्या बहिणींमध्ये मिरवायचं असेल तर महिनाभर आधी करा. हळदीच्या दोन दिवस आधी केलं आणि डोळ्याखाली निळा डाग पडला की सगळे भाऊबंद एकच विचारणार, "काय वं माय, डोयाले काय व्हयनं?" क्वचित पापणी पण खाली उतरते, काही आठवड्यात आपोआप सुटते, पण फोटो तर निघून गेलेले असतात ना.

फिलरचं मात्र जास्त जपून. डोळ्याखालची जागा नाजूक आहे, जेल वर वर टाकली तर त्वचेतून निळसर झाक दिसते, गाठ लागते. 1 मिलीची सिरिंज असते आणि दोन्ही डोळ्यांना बऱ्याचदा तेवढीही लागत नाही, उरलेली मैत्रिणीत वाटून घेणं हा प्रकार पण ऐकलाय मी, अजिबात करू नका. खरी भीती वेगळी आहे, जेल रक्तवाहिनीत गेली तर त्वचा मरू शकते आणि अगदी क्वचित डोळ्याची नजर जाऊ शकते. म्हणून एकच प्रश्न पाठ करा: "हायल्युरोनिडेज क्लिनिकमध्ये आहे का?" हे ती जेल विरघळवायचं औषध. नाही म्हणाले तर फिलर पण नाही. टोचताना किंवा नंतर जोराची कळ, त्वचा पांढरीफटक पडणं, जाळीसारखे जांभळे डाग, अंधुक किंवा डबल दिसणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला डॉक्टर, नजरेचं असेल तर सोबत डोळ्यांचा दवाखाना.

याच कारणाने ते "मुंबईचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात" वालं मला पटत नाही. हात चांगला असेलही, पण संध्याकाळी टोचलं आणि ते रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने निघून गेले तर रात्री दोनला फोन कोण उचलणार? जळगाव-धुळ्यात शिकलेले त्वचारोगतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन आहेत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागून ऑनलाईन बघा, नुसतं "कॉस्मेटोलॉजिस्ट" लिहिलेल्या बोर्डावर जाऊ नका. शनिवारी संध्याकाळी नको, सोमवार-मंगळवारची सकाळ घ्या.

जायच्या आधी डॉक्टरला सगळं सांगा: प्रेग्नंट आहे, बाळ अंगावर पितंय, मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार आहे, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारून.

करून आल्यावर बोटॉक्सला चार तास आडवं पडायचं नाही, चोळायचं नाही, त्या दिवशी जिम नको. आपल्याकडे स्कुटीवर स्कार्फ कपाळापासून कचकचून बांधतात आणि वर घट्ट गॉगल, तेवढा दिवस कुणालातरी सोडायला सांगा. फिलरनंतर दोन आठवडे डोळ्याखाली दाब, मसाज, फेशियल, स्टीम काही नको. माझ्याकडे आलात तरी मी परत पाठवीन. भर उन्हात कापूस-केळीच्या शेतावर जायचं असेल तर तेही एक-दोन दिवस टाळा. बाकी उन्हात डोळे बारीक करून करूनही त्या कडेच्या रेघा पडतात, म्हणून सनस्क्रीन आणि मोठा गॉगल ठेवाच.

दोन आठवड्यांनी दाखवायला जायचंच, कमी वाटलं तर तेव्हाच थोडं वाढवतात, त्याआधी "काहीच फरक नाही" म्हणून दुसरीकडे टोचून घेऊ नका. आणि बाटलीवरचं, सिरिंजच्या डब्यावरचं स्टिकर मागून घ्या, कंपनी आणि बॅच नंबर असतो त्यावर. फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सअॅप करून ठेवा, उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर ते पहिलं हेच विचारतील की आत नक्की काय टाकलंय.